‘सम्मा समाधी’ची संकल्पना : डॉ. आंबेडकर व धर्मानंद कोसंबी यांच्या मांडणीची चिकित्सा (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना :
१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांतून बुद्धविहार उभे राहिले. परभणी जिल्हाही त्यास अपवाद नाही. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना आणि वर्षावासातील ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामूहिक वाचन ही येथील धम्माचरणाची प्रमुख अंगे होत. ध्यानसाधनेचे स्थान मात्र वादाचे राहिले. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यना शिबिरे घेतली आणि पुढे इगतपुरी हे या साधनेचे केंद्र झाले. तेव्हापासून दोन मते ऐकू येतात. ध्यान म्हणजे सामाजिक लढ्याकडे पाठ फिरविणे, हे एक. ध्यानाविना धम्म अपुरा, हे दुसरे. हा विरोध मूळ ग्रंथांना कितपत मान्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डॉ. आंबेडकरांची मांडणी :
‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाने ध्यानमार्गाच्या तत्कालीन संप्रदायांकडून शिक्षण घेतल्याचे वर्णन येते. श्वासाचे नियंत्रण हे त्यांचे समान सूत्र होते. ही विद्या आत्मसात करूनही सिद्धार्थाचे समाधान झाले नाही, हे लक्षणीय आहे. बोधिवृक्षाखाली तो ज्या प्रश्नाचे चिंतन करतो तो जगातील दुःख व त्याचे निवारण हा आहे. अष्टांग मार्गाच्या विवेचनात ग्रंथकार समाधी आणि सम्मा समाधी यांत स्पष्ट भेद करतात. नुसत्या एकाग्रतेने चित्तातील विकार काही काळ थांबतात, परंतु चित्ताला वळण लागत नाही. सम्मा समाधी चित्ताला कुशलाचा विचार करण्याची सवय लावते. म्हणजेच त्यांनी ध्यान नाकारलेले नाही. त्याला नैतिक हेतू जोडला आहे. दीक्षेच्या २२ प्रतिज्ञांपैकी ११ वी अष्टांग मार्गाच्या अनुसरणाची आहे आणि सम्मा समाधी हे त्या मार्गाचेच अंग आहे.

कोसंबींची मांडणी :
गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘समाधिमार्ग’ या ग्रंथात पाली परंपरेच्या आधारे कर्मस्थाने, आनापानस्मृती व ब्रह्मविहार यांची ओळख सुबोध मराठीत करून दिली. डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथात सम्मा समाधी ‘काय’ व ‘कशासाठी’ याचे उत्तर मिळते. ‘कशी’ याचे मिळत नाही. ही उणीव कोसंबी भरून काढतात. उलट, त्यांचा साधक बहुधा एकटा आहे. त्याच्या भोवतालच्या समाजाचा प्रश्न साधनेच्या विवेचनात पुरेसा येत नाही. मात्र कोसंबी समाजविन्मुख होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गृहत्यागाचा संबंध शाक्य-कोलीयांच्या कलहाशी जोडण्याचा विचार त्यांच्या लेखनात आहे आणि डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा वादच गृहत्यागाचे कारण ठरतो.

परभणीचा संदर्भ :
हा प्रश्न परभणीत केवळ तात्त्विक नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतर उसळलेल्या हिंसाचाराची झळ या जिल्ह्यालाही बसली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि १५ डिसेंबर रोजी अटकेतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा वेळी पीडित समाजाला ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे हा अन्यायाला दिलेला आधारच ठरण्याचा धोका असतो. ध्यानाविषयीच्या संशयाचे मूळ येथे आहे आणि तो संशय निराधार नाही. तथापि डॉ. आंबेडकरांच्या व्याख्येतील समाधी क्रोधाला झोपविणारी नसून त्याला द्वेषापासून वेगळे करून न्यायाच्या मागणीकडे वळविणारी आहे, असे म्हणता येते. दीर्घ लढ्याला लागणारा संयम अशाच अभ्यासातून येतो.

समारोप :
ध्यान विरुद्ध संघर्ष हा विरोध ग्रंथांतून निष्पन्न होत नाही. तो अर्धवट वाचनातून निर्माण झाला आहे. हेतूविना पद्धती पलायनाकडे झुकते, तर पद्धतीविना हेतू केवळ उच्चारात राहतो. म्हणून वर्षावासातील वाचनात सम्मा समाधीच्या प्रकरणाबरोबर ‘समाधिमार्गा’चेही वाचन व्हावे आणि काही वेळ प्रत्यक्ष अभ्यासासाठी राखला जावा. तसे झाल्यास विहार हे वंदनेचे स्थान राहूनच चित्ताच्या शिक्षणाचेही स्थान होईल.