याद्यांची यांत्रिक तुलना आणि मराठी ग्रामनामे

दोन याद्या समोरासमोर ठेवून त्यांतील भेद शोधणे हे काम वरवर पाहता निव्वळ यांत्रिक भासते. हंट व मॅकइलरॉय यांनी १९७६ साली विशद केलेल्या संगणकीय पद्धतीत दोन लेखांतील दीर्घतम समाईक क्रम प्रथम निश्चित होतो. त्याबाहेर उरेल तो भेद. ह्या पद्धतीची तर्कशुद्धता निर्विवाद आहे. तथापि 'समान' कशास म्हणावे, ह्या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही.

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई हे ग्रामनाम उदाहरणादाखल घ्यावे. जुन्या वळणाच्या यादीत 'पिंपळगांव' असेल, नव्या यादीत 'पिंपळगाव'. 'गांव' मधील अनुस्वार हा 'ग्राम' शब्दातील मकाराचा अवशेष होय. तो उच्चारातून लोपला आणि शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांनंतर प्रमाण लेखनातूनही गेला. वाचकाच्या दृष्टीने गाव एकच. यंत्राच्या दृष्टीने मात्र एक गाव नाहीसे झाले व दुसरे नव्याने वसले. याद्या अनुदानाच्या असल्यास हा भेद केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही.

यावर एका चिन्हाचा फरक क्षम्य मानावा, असा उपाय सुचतो. लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडलेले अंतरमापन त्यास आधार देते. परंतु 'पिंपळगाव' व 'पिंपळगांव' यांत जेवढे अंतर, तेवढेच 'आडगाव' व 'वडगाव' यांतही आहे. पहिला भेद लेखनाचा, दुसरा नामाचा. केवळ संख्येस हा विवेक साधत नाही. 'रेणुकाई' हे पद गौण समजून गाळावे, तर नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंतही उपपद गळताच त्याच नावाखाली येते. पहिल्या चुकीत एका गावाची दोन गावे होतात, दुसरीत दोन गावांचे एक. आणि दुसरी चूक अधिक घातक, कारण ती भेदांच्या यादीत दिसतच नाही.

क्रमाची अडचणही उपेक्षणीय नाही. युनिकोड संकेतक्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत ह नंतर. दोन याद्या भिन्न क्रमांनी लावल्या असतील, तर नसलेले भेदही उद्भवतात.

ह्या बाबतीत पाठचिकित्सेचा दंडक मार्गदर्शक ठरावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठ निश्चित करताना पाठभेद पुसले गेले नाहीत. ते संहितेखाली नोंदविले गेले. त्याचप्रमाणे मूळ नाम अबाधित ठेवून, आधी घोषित केलेल्या नियमांनी त्याचे तुलनेपुरते वेगळे रूप सिद्ध करावे. जनगणनेचा ग्रामसंकेतांक दोन्ही याद्यांत असेल तेथे तोच प्रमाण मानावा. तुलना यंत्राने करावी. समानतेचा निकष मात्र भाषेच्या जाणकाराने आधी ठरवावा.