डिकन्सच्या कादंबरीतील लज्जेचे मूळ
१८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्स डिकन्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात मजुरी करावी लागली. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८५०) हा अनुभव थोड्याफार फरकाने उतरला आहे, म्हणून तीच आत्मचरित्रात्मक मानण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास मात्र ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) अधिक खरी वाटते. तीत कारखाना नाही, त्याची लाज आहे. पिपला सभ्य गृहस्थ बनविणारा पैसा मॅग्विच या हद्दपार गुन्हेगाराचा निघतो, तेव्हा प्रथम उसळते ती किळस, कृतज्ञता नव्हे. गुन्ह्याचे रहस्य उलगडले तरी पिप प्रौढ होत नाही. तो होतो भर न्यायालयात, पिंजऱ्याबाहेरून मॅग्विचचा हात धरताना. (लिटनच्या सल्ल्याने बदललेला शेवट या दृष्टीने गौणच म्हणावा लागेल.)