११२ नंबरची सनई

बजाजनगरात आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. त्यांचं रोलँड एससी-५५ मॉड्यूल भंगारात निघालं तेव्हा मीच म्हणाले होते, "द्या की काका, लॅपटॉपमध्ये सगळं मिळतं." ऐकल्यावर शब्द मागे घेतला.

हा अर्ध्या रॅकचा डबा १९९१चा. त्याच वर्षी 'जनरल मिडी' हे मानक आलं. १२८ आवाज, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. १०५ला सतार, ११२ला सनई. तबला मात्र यादीतच नाही!

आता खरं सांगते, ती सनई काही सनई नाही. वाद्याच्या आवाजाचा छोटा तुकडा मेमरीत असतो. सूर लांबवला की त्यातलाच भाग गोल गोल फिरतो. आम्ही सिग्नल प्रोसेसिंगवाले त्याला लूप म्हणतो. फुंकर बदलली की खऱ्या सनईचा पोत बदलतो, इथे तो तसाच राहतो. मींडेसाठी पिच बेंड वापरावं, तर ते मुळात वर-खाली दोनच अर्धस्वर सरकतं. बिस्मिल्ला खाँ ऐकलेल्या कानाला हे पटणार नाही.

मग ओढ कसली? माझ्या मते या तुटपुंजेपणाचीच. एका वेळी २४ आवाज, थोडी मेमरी, त्यामुळे वाजवणाऱ्याला लगेच ठरवावं लागतं. सॉफ्टवेअरमधली सनई जास्त खरी आहे, पण मी तिथे अर्धा तास नुसते पर्याय चाळते.

डबा आता माझ्या टेबलावर आहे. परवा काकांनी ११२ लावला, दोन सूर वाजवले आणि म्हणाले, "निघाली बघ वरात."