तीच जागा, पुन्हा पुन्हा

एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे जायचे, त्याच कोनातून तीच टेकडी, तेच पाणी टिपायचे आणि त्या छायाचित्रांची मालिका भिंतीवर मांडायची, हा आता मान्यता पावलेला कलाप्रकार आहे. त्याचे चाहते म्हणतात की यातून काळ दिसतो. दिसतो, हे मी नाकारत नाही. पण कुणाचा काळ?

ही रीत मुळात चित्रकलेची. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या. प्रकाश हाच तिथे नायक. गंजी रचणारे हात चित्राबाहेर राहिले. पुढे रिचर्ड मिझराक या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९७ ते २००० या काळात बर्कलीच्या टेकडीवरच्या आपल्या घराच्या ओसरीतून गोल्डन गेटचा पूल आणि त्यावरचे आभाळ टिपले. कॅमेऱ्याची जागा बदलली नाही. फोटोंतले रंग विलक्षण आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती सारी कला उभी आहे ओसरीवर! तीच जागा पुन्हा मिळायची तर आधी जागेवर हक्क लागतो. ज्याची झोपडी दर दोन-चार वर्षांनी पाडली जाते, ज्याला दर हंगामात नव्या मुकादमामागे जावे लागते, त्याने ‘तीच जागा’ कुठून आणायची? स्थैर्य हे या कलेचे न सांगितलेले भांडवल आहे आणि आपल्याकडे ते जातीप्रमाणे वाटले गेले आहे. आमचे आस्वादक समीक्षक रंगछटांवर पाने भरतात. या भांडवलाचा हिशेब मात्र त्यांना कलाबाह्य वाटतो.

या प्रकारातले मला सर्वांत विचार करायला लावणारे काम मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांचे आहे. १८६० आणि १८७० च्या दशकांत अमेरिकन सरकारच्या सर्वेक्षणांबरोबर टिमथी ओसलिव्हन, विल्यम हेन्री जॅक्सन यांसारखे छायाचित्रकार पश्चिमेकडे गेले होते. क्लेटच्या गटाने १९७७ ते १९७९ मध्ये त्यांतली शंभरावर ठिकाणे हुडकली आणि कॅमेरा शक्य तितका जुन्याच बिंदूवर ठेवून, सावल्या जुळतील अशी वेळ धरून पुन्हा फोटो काढले. ही शिस्त मोठी आहे. त्यात जागेची तपासणी होते, तशी आधीच्या डोळ्याचीही होते. जुन्या छायाचित्रकाराने कॅमेरा कुठे वळवला, काय चौकटीबाहेर ठेवले, हे उघड होते. परंतु तो जुना डोळा ज्या सर्वेक्षणाचा होता, ते मूळनिवासींच्या भूमीची मोजदाद करायला निघाले होते. पुष्कळ फोटोंत जमीन रिकामी दिसते, म्हणजे घ्यायला मोकळी. त्याच बिंदूवर शंभर वर्षांनी तिपाई ठोकली की ते रिकामेपणही पुन्हा छापले जाते. क्लेटच्या गटाने १९९७ ते २००० मध्ये तिसरी फेरी केली, तेव्हा फोटोंसोबत आवाज आणि वाटेत सापडलेल्या वस्तूही गोळा केल्या. चौकट अपुरी पडते, हे त्यांनाही जाणवले असावे असे मी समजतो.

आता आमच्या मीरा-भाईंदरकडे या. खाडीकाठची मिठागरे हा हौशी छायाचित्रकारांचा आवडता विषय. आभाळ पाण्यात उतरलेले, दूर पांढरे ढीग, नशिबात असले तर रोहित पक्षी. याला सर्रास ‘निसर्ग’ म्हणतात. पण मिठागर निसर्गाने केलेले नाही. पावसाळा सरला की बांध सावरायचे, वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, भरतीचे पाणी आत घ्यायचे, ते वाफ्यावाफ्यातून फिरवत आटवायचे, मीठ धरले की ओढायचे आणि बांधावर ढीग घालायचे. पावसाच्या सरी आल्या की काम संपले. पुढच्या वर्षी तोच बांध, तोच चिखल. आगरी हे नावच आगरावरून पडले आहे असे मानतात. आगरी आणि आदिवासी मजुरांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा पुन्हा पुन्हा घडवली. छायाचित्रकाराच्या पुनरावृत्तीला साधना म्हणायचे आणि मजुराच्या पुनरावृत्तीला नुसती मजुरी, हा न्याय कुठला?

माणूस वगळलेल्या फोटोची किंमत केवळ सौंदर्याच्या बाजारात मोजली जात नाही. रिकामी दिसणारी जमीन कागदावरही रिकामीच ठरते. कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. म्हणजे गरिबांच्या एका वस्तीला हलवायला दुसऱ्या कष्टकऱ्यांची जागा, आणि दोन्हींकडे पाहणारा नकाशा एकच!

उलट बाजूही सांगतो, नाही तर अन्याय होईल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्याचे नकाशे करायला सांगितले. २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला ठरवला. तारीख घातलेला, त्याच जागेचा फोटो तिथे पुरावा होतो. मात्र वरून काढलेल्या फोटोत कांदळवनातली झोपडी अतिक्रमण म्हणून ठळक उठते. भरावावर पूर्वीच उभा राहिलेला मजबूत मनोरा तेवढ्यात शहर होऊन जातो.

दिल्लीचे रवि अग्रवाल यांनी यमुनेचे फोटो पुन्हा पुन्हा काढले. त्याआधी दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवरचे त्यांचे काम यान ब्रेमन आणि अरविंद दास यांच्या लेखनासह २००० मध्ये पुस्तकरूपाने आले होते. मजूर पाहून झाल्यावर नदीकडे वळणारा डोळा आणि थेट नदीकडे वळणारा डोळा एक नव्हे. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे गेलेले सुधारक ओलवे हेही परतणेच आहे. ते निसर्गाकडे नाही, गटाराकडे आहे, म्हणून या कलाप्रकाराच्या चर्चेत त्यांचे नाव निघत नाही.

आणि आपले लोक? महाडचे चवदार तळे घ्या. २० मार्च १९२७ ला त्या पाण्याला हात लागला आणि नंतर सवर्णांनी ते ‘शुद्ध’ करून घेतले. त्या पाण्याच्या फोटोत नुसता प्रकाश पाहणे आम्हांला जमणार नाही. दादरच्या किनाऱ्यावर ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर ६ डिसेंबरला लोक तिथे येतात आणि समुद्र मागे घेऊन फोटो काढतात. समुद्र तोच. पुढे उभे असलेले मूल दर वर्षी उंच होत जाते, एका वर्षी आजी दिसत नाही. हे फोटो पत्र्याच्या पेट्यांत होते, आता मोबाइलमध्ये आहेत. कुणी क्युरेटर ते मागायला आलेला नाही. मिझराकच्या आभाळाशेजारी ते एकाच भिंतीवर टांगून पाहावेत असे मला फार वाटते. पेटीतल्या जुन्या प्रतींच्या मागे कधी कधी पेनाने वर्ष लिहिलेले सापडते, आणि त्याखाली कोण कोण आले होते त्यांची नावे.