तीनशे सोक तांदूळ आणि एक कन्या

कोरियन पुराणकथांवर आधारलेल्या, किशोरवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या अलीकडे इंग्रजीत बऱ्याच प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांपैकी ॲक्सी ओ या कोरियन-अमेरिकन लेखिकेची ‘द गर्ल हू फेल बिनीथ द सी’ (२०२२) ही कादंबरी आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. तिच्या मुळाशी शिम चॉंगची कथा आहे आणि त्या कथेत बुद्धपूजेच्या नावाने बोललेल्या एका नवसाचा प्रश्न दडलेला आहे.

पानसोरी या कोरियन गायन-कथन परंपरेत आज टिकून असलेल्या पाच आख्यानांपैकी हे एक होय. अंध शिम हाक-ग्यू पाण्यात पडतो. एक भिक्षू त्यास वाचवितो आणि बुद्धास तीनशे सोक (सोक हे धान्याचे कोरियन माप) तांदूळ अर्पण केल्यास दृष्टी लाभेल, असे सांगतो. दरिद्री पिता भरीस पडून वचन देतो. ते पुरे करण्यासाठी कन्या स्वतःस दर्यावर्दी व्यापाऱ्यांना विकते आणि इन्दांगसूच्या खवळलेल्या पाण्यात बळी जाते. समुद्रतळीचा नागराजा तिला आश्रय देतो. कमळातून ती पुन्हा भूलोकी येते व राणी होते.

कादंबरीत मात्र शिम चॉंगऐवजी मीना ही मुलगी समुद्रात उडी घेते, कारण तिच्या भावाचे शिम चॉंगवर प्रेम आहे. निद्रिस्त समुद्रदेवाला जागे करून वादळे थांबवावीत, हा तिचा ध्यास आहे. आज्ञाधारक कन्येच्या जागी प्रश्न विचारणारी नायिका उभी करणे, हे लेखिकेचे यश आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. समुद्राखालच्या देवतांच्या व मृतात्म्यांच्या जगाचे वर्णनही मनोवेधक आहे.

तथापि आमचा आक्षेप मूलभूत आहे. येथे बळीचे कारण वादळे आणि देवावरील शाप हे आहे. शाप सुटला की संकट सरते. जुन्या कथेत शाप नव्हता. तेथे होती ती माणसाची आशा, पुण्याची ठरविलेली किंमत आणि ती चुकविणारी एक मुलगी. शिवाय जुनी कथा एक मार्मिक गोष्ट सांगून जाते: तांदूळ विहारात पोहोचतात, तरी पित्याचे डोळे उघडत नाहीत. राणी झालेली कन्या अंधजनांसाठी भोजन-समारंभ योजते आणि तेथे तिची भेट होताच त्यास दृष्टी येते. त्या तांदळाने काहीच विकत घेतले नव्हते, हे लोककवीने न बोलता सुचविले आहे.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्त येथे स्मरते. शेकडो पशूंचा यज्ञ मांडणाऱ्या ब्राह्मणास भगवान बुद्धांनी महाविजित राजाचा, एकाही प्राण्याचा वध न झालेला यज्ञ सांगितला आणि त्याहून श्रेष्ठ म्हणून दान, त्रिशरण व शील यांचा क्रम दाखविला. दुसऱ्याच्या प्राणावर उभे राहिलेले दान हे दानच नव्हे, हा त्याचा आशय आम्ही समजतो.

जुन्या आख्यानाने कन्येच्या पितृभक्तीचा गौरव करूनही हा प्रश्न जिवंत ठेवला. नव्या कादंबरीने नायिकेस स्वातंत्र्य दिले, पण प्रश्न देवावर सोपविला. म्हणून तरुण वाचकांनी ही कादंबरी जरूर वाचावी. मात्र त्यानंतर मूळ कथेकडे वळावे आणि ते तांदूळ कोणी मागितले, हे स्वतःस विचारावे.