2 टक्के की 25 टक्के?

पेपर वाचायला शिकायचं असेल तर 2008 साली नेचर मेडिसिनमध्ये आलेला हॅराल्ड ऑट, डोरिस टेलर आणि सहकाऱ्यांचा पेपर घ्या. प्रयोगशाळेत बनवलेलं हृदय धडधडलं, ही बातमी गाजली ती याच कामामुळे.

पद्धत खरंच सुंदर आहे. मेलेल्या उंदराचं हृदय घ्यायचं, त्याच्याच रक्तवाहिन्यांतून डिटर्जंट सोडायचं. पेशी धुऊन जातात आणि मागे फिकट, अर्धपारदर्शक सांगाडा उरतो. झडपा, रक्तवाहिन्यांच्या नळ्या सगळं जागच्या जागी. मग त्यात नवजात पिल्लांच्या हृदयपेशी टोचायच्या आणि बायोरिअ‍ॅक्टरमध्ये पोषकद्रव खेळवत ठेवायचं. चौथ्या दिवशी आकुंचन दिसलं, आठव्या दिवशी विजेची चालना देऊन थोडंफार पंपिंग.

आता सारांश बघा. पंपिंग किती? प्रौढ हृदयाच्या सुमारे 2 टक्के, किंवा 16 आठवड्यांच्या गर्भाच्या हृदयाच्या 25 टक्के. मोजमाप एकच, छेद दोन! आणि उंदरीण गाभण असते जेमतेम 3 आठवडे. म्हणजे हा गर्भ माणसाचाच असणार. पहिल्या वाचनात मी हे सरळ ओलांडून गेले होते, डोक्यात राहिले फक्त 25.

चाकणच्या एखाद्या टेस्ट बेंचवर ठरलेल्या प्रवाहाच्या 2 टक्के देणारा पंप कुणी पास करणार नाही. अर्थात ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण लेखकांना पंप विकायचा नव्हता. अशा सांगाड्यात पेशी जगतात आणि आकुंचन पावतात, एवढं दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. माझा आक्षेप कामावर नाही, त्या 25 वर आहे.

कारण हे आकडे आपल्यापुरते राहत नाहीत. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रिया आता खूप पुढे गेली, पण हृदय मिळायचं तर कुणीतरी मेंदूमृत व्हावं लागतं आणि त्याच्या घरच्यांनी हो म्हणावं लागतं. पिंपरीत वडिलांसाठी ताटकळत बसलेल्या मुलाला 25 टक्के वाचून पाव काम उरकलं असंच वाटणार ना?

आता मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाचा 2016 चा पेपर काढा. तिथे सांगाडा माणसाच्या हृदयाचा आहे, पेशी 50 कोटी. त्या अख्ख्या हृदयात घातल्या की डाव्या जवनिकेच्या भिंतीतच, एवढंच आधी शोधा.