शुश्रूषा आणि जगण्याची इच्छा : कुरोसावा यांचा ‘अकाहिगे’

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरखंधकात आलेला एक प्रसंग आमच्या वाचकांस परिचित असेलच. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. निवासस्थानांची पाहणी करीत तथागत आनंदासह तेथे आले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. त्यानंतर संघास एकत्र करून चौकशी केली असता उत्तर मिळाले, की हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. या उत्तरातील थंड व्यवहारीपणा वाचताना आजही अंगावर काटा येतो. घरदार सोडून आलेल्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार, हा तथागतांचा प्रश्न आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा समजावी हा त्यांचा आदेश त्या उत्तरापाठोपाठ येतो.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘अकाहिगे’ (१९६५) हा चित्रपट पाहताना आम्हांस या प्रसंगाची वारंवार आठवण झाली. ‘अकाहिगे’ म्हणजे लाल दाढी. एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या वैद्याचे हे टोपणनाव. शुगोरो यामामोतो यांच्या कथांवर आधारलेला, तीन तासांहून अधिक लांबीचा हा कृष्णधवल चित्रपट एका उद्धट तरुणाला थोर गुरू कसा घडवतो याची कथा म्हणून ओळखला जातो. ही ओळख अपुरी आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात तेवढेच दाखविण्याचा प्रयत्न करावयाचा आहे.

कथेचे स्थळ काल्पनिक नाही. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या नगरात १७२२ साली आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी गोरगरिबांसाठी कोइशिकावा येथे रुग्णालय उघडले. प्रजेच्या तक्रारींसाठी ठेवलेल्या पेटीत ओगावा शोसेन नावाच्या वैद्याने टाकलेला अर्ज त्यास कारणीभूत झाला. आज त्या जागी तोक्यो विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे, आणि जुन्या रुग्णालयाची विहीर तेथे अद्याप दाखविली जाते. या विहिरीकडे आपण पुढे येणारच आहोत.

नागासाकीत डच वैद्यक शिकून आलेला यासुमोतो हा तरुण शोगुनचा राजवैद्य होण्याची स्वप्ने पाहत असतो. त्याची वाग्दत्त वधू त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या पुरुषाची झालेली आहे, आणि आता त्याला न विचारता या दरिद्री रुग्णालयात त्याची नेमणूक झाली आहे. तो गणवेश घालीत नाही, काम करीत नाही, नियम मुद्दाम मोडतो. येथील प्रमुख वैद्य निइदे (तोशिरो मिफुने) त्याला उपदेशाचा एक शब्दही सांगत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो फक्त कामे नेमून देतो. मरणासन्न वृद्धाजवळ बसून शेवटचा श्वास पाहण्याचे काम हे त्यांपैकी पहिले महत्त्वाचे. घरघर लागलेला रोकुसुके एकही शब्द न बोलता जातो आणि यासुमोतो भयाने गारठतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तर त्याला भोवळच येते. विद्या पुष्कळ आहे, परंतु दुःखाजवळ उभे राहण्याचे बळ नाही.

महावग्गाच्या त्याच प्रकरणात चांगल्या गिलानुपट्ठाकाची, म्हणजे रुग्णसेवकाची, पाच अंगे सांगितलेली आहेत. औषध तयार करता येणे व पथ्यापथ्य जाणणे ही पहिली दोन. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस न बाळगणे आणि योग्य वेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे ही उरलेली तीन. पहिली दोन अंगे नागासाकीत शिकता येतात. उरलेल्या तिहींसाठी पाठशाळा नाही, आणि चित्रपटाचा पूर्वार्ध हा त्या तिहींच्या अभावाचाच दीर्घ पंचनामा आहे. काही प्रेक्षकांस हा भाग संथ वाटतो. साहाचीची प्रेमकथा आवश्यकतेपेक्षा लांबली आहे, हे आम्हांसही मान्य आहे.

निइदेच्या सचोटीसंबंधी मात्र सावधपणे लिहिले पाहिजे, कारण येथे दिग्दर्शकाने सोपा मार्ग स्वीकारलेला नाही. रोकुसुकेच्या निराधार मुलीला सोडविण्यासाठी निइदे एका अधिकाऱ्याच्या खाजगी भानगडीकडे सूचकपणे बोट दाखवून त्याला नमवितो. अतिखाण्याने सुजलेल्या सरदाराला पथ्य सांगून त्याच्याकडून भरमसाट शुल्क वसूल करतो, कारण सरकारने रुग्णालयाचे अनुदान कमी केलेले आहे. वेश्यागृहाच्या अंगणात गुंडांची हाडे मोडतो आणि लगेच त्यांच्यावरच उपचार करू लागतो. (हाणामारीचा हा प्रसंग मिफुने यांच्या चाहत्यांसाठी घातला असावा, असा संशय येतो.) महत्त्वाचे हे, की या प्रत्येक कृत्यानंतर तो शिष्यासमक्ष स्वतःला दोष देतो. आपण केले ते वैद्याला शोभणारे नव्हते, असे तो स्पष्ट सांगतो. आपली चूक शिष्यापासून न लपविणारा गुरू हा भारतीय गुरुपरंपरेत विरळाच म्हणावा लागेल. विनयात मात्र त्याला स्थान आहे. उपज्झायाने सद्धिविहारिकाकडे पुत्रवत् आणि सद्धिविहारिकाने उपज्झायाकडे पितृवत् पाहावे, हे सर्वश्रुत आहे. परंतु उपज्झायाच्या मनात अनभिरति, म्हणजे उबग, उत्पन्न झाल्यास शिष्याने ती दूर करावी आणि त्याच्या हातून गंभीर दोष घडल्यास त्याच्या शुद्धीसाठी संघाकडे प्रयत्न करावा, हेही तेथेच सांगितले आहे, आणि त्याकडे आपले दुर्लक्ष होते. गुरुपूजेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या समाजाने हा भाग पुनःपुन्हा वाचावा.

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे वळू. वेश्यागृहातून निइदे बारा वर्षांच्या ओतोयो या मुलीला उचलून आणतो आणि यासुमोतोला सांगतो, की ही तुझी पहिली रुग्ण. मुलगी तापाने फणफणलेली आहे. पण त्याहून मोठा आजार हा, की तिला जगावयाचे नाही. मार खाल्ल्यामुळे ती मायेच्या हाताकडेही संशयाने पाहते. तापातही जमीन पुसत राहते, कारण काम न करता अन्न मिळते हे तिच्या अनुभवात बसत नाही. चमच्यातील औषध ती हाताने उडवून देते. निइदे न रागावता पुन्हा चमचा पुढे करतो. पुन्हा उडविते, पुन्हा तो पुढे करतो. अखेर ती गिळते. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. महावग्गात सेवेस कठीण अशा रुग्णाची लक्षणे दिली आहेत आणि औषध न घेणे हे त्यांपैकी एक. असा रुग्ण असा का झाला, हा प्रश्न विनयाच्या कक्षेत येत नाही. कुरोसावा तो विचारतात आणि उत्तर तिच्या पाठीवरील वळांत नव्हे, तर तिच्या अविश्वासात दाखवितात.

पुढे ती यासुमोतोने दिलेला वाडगा फोडते आणि नाहीशी होते. तो शोधावयास निघतो, तेव्हा ती पुलावर भीक मागताना दिसते. भीक कशासाठी, तर फोडलेल्या वाडग्याच्या जागी नवा घेण्यासाठी. येथे प्रथमच ती कोणाला तरी काही देऊ पाहते. यानंतर यासुमोतो स्वतः आजारी पडतो आणि निइदे त्याच्या शुश्रूषेस कोणाला बसवितो? ओतोयोला. रात्रभर ती त्याच्या कपाळावरील ओले फडके बदलत बसते. सकाळी खिडकी उघडून बाहेरचे हिम पाहते. तिला नवी उमेद कोणत्या क्षणी मिळाली असे कोणी विचारले, तर आम्ही या रात्रीकडे बोट दाखवू. निइदेचे औषध तिला जिवंत ठेवते. जगावेसे मात्र तेव्हा वाटते, जेव्हा तिच्या वाचून दुसऱ्याचे अडते. ज्या भिक्खूचा कोणाला उपयोग नव्हता त्याला संघाने टाकून दिले होते. निइदेने उलट केले. जिला कोणी माणसात धरीत नव्हते तिला त्याने उपयोगी पडण्याची संधी दिली. त्यासाठी त्याला बाजूस सरावे लागले, आपला शिष्य आणि आपला रुग्ण दोघेही परस्परांच्या हाती सोपवावे लागले. त्याचे गुरुत्व आम्हांस या माघारीत दिसते. कल्याणमित्तता हे ब्रह्मचर्याचे अर्धे अंग आहे असे आनंद म्हणाला, तेव्हा तथागतांनी त्याला दुरुस्त करून ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असे सांगितले, हे संयुत्तनिकायातून आपण जाणतोच. ‘मित्त’ या शब्दातील समानता ‘गुरू’ या शब्दात नाही.

याच कारणाने आम्हांस ‘अकाहिगे’ हा कुरोसावा यांच्याच ‘इकिरू’ (१९५२) या अधिक प्रसिद्ध चित्रपटाच्या एक पाऊल पुढे गेलेला वाटतो. तेथे कर्करोगाने ग्रासलेला वृद्ध कारकून मुलांसाठी उद्यान उभारून आपल्या उरलेल्या महिन्यांना अर्थ देतो. परंतु तो शोध बहुतांशी एकट्याचा आहे. येथे शुश्रूषा हातांहातांतून पुढे सरकते. निइदेकडून यासुमोतोकडे, त्याच्याकडून ओतोयोकडे आणि ओतोयोकडून पेज चोरणाऱ्या चोबो या पोराकडे.

चोबोचे सारे कुटुंब दारिद्र्याला कंटाळून उंदराचे विष घेते. मरणोन्मुख चोबोला रुग्णालयात आणल्यावर स्वयंपाकघरातील स्त्रिया विहिरीत वाकून त्याच्या नावाने हाका मारू लागतात, कारण जाणारा जीव हाकेने परत येतो अशी त्यांची समजूत. ओतोयोही त्यांत मिसळते. आमचे बुद्धिवादी वाचक येथे भुवया उंचावतील, आणि ते योग्यच आहे. मुलगा विष ओकल्यामुळे वाचतो, हाकेमुळे नव्हे. दिग्दर्शकानेही तसा दावा केलेला नाही. कॅमेरा विहिरीत खोल उतरतो आणि तळाच्या पाण्यात कोणी देव वा आत्मा दिसत नाही, हाका मारणाऱ्या स्त्रियांचीच प्रतिबिंबे दिसतात. या चित्राला आम्ही अंधश्रद्धेचे समर्थन म्हणणार नाही.

मतभेद आहे तो दुसऱ्या ठिकाणी. निइदे एकदा बोलून जातो, की बहुतेक रोगांवर खरा इलाज वैद्यकापाशी नाही, लढावयाचे ते दारिद्र्य आणि अज्ञान यांच्याशी, आणि राज्यकर्त्यांनी दारिद्र्यासाठी कधी काही केलेले नाही. निदान अचूक आहे. परंतु हे निदान केल्यानंतर चित्रपट तेथून पुढे सरकत नाही. ओतोयो वेश्यागृहातून सुटते, वेश्यागृह मात्र तसेच राहते. मालकीण मुलीला परत न्यावयास येते तेव्हा रुग्णालयातील स्त्रिया मुळ्यांनी बदडून तिला हाकलतात. प्रेक्षक हसतात आणि व्यवस्थेचा प्रश्न त्या हसण्यात विरून जातो. चोबोचे कुटुंब विष घेते, पण त्याच्यासारख्यांनी एकत्र येऊन काही मागावे ही कल्पनाही पटकथेत डोकावत नाही. दुःखितांच्या वतीने कोणी थोर पुरुष भांडेल, हीच तिची मर्यादा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म वाचला तो माणसामाणसांतील संबंध म्हणून आणि दुःखात दारिद्र्य व अन्याय यांचा समावेश करून. त्या दृष्टीने पाहता निइदेची करुणा खरी आहे, पण ती दात्याची करुणा आहे. ओतोयोच्या रात्रीत मात्र तिच्यापलीकडची मैत्री आहे, आणि दिग्दर्शकाला ती निइदेपेक्षा या मुलीत सापडली हे विलक्षण होय.

गेल्या काही वर्षांत उच्च शिक्षणसंस्थांतील आपल्या मुलामुलींनी जीवन संपविल्याच्या वार्ता पुनःपुन्हा वाचाव्या लागल्या आहेत. त्यांच्याभोवती अध्यापक होते, मार्गदर्शक होते, पदव्या होत्या. त्यांना हाक मारणारे कोण होते आणि त्यांची कोणाला गरज आहे असे त्यांना कोणी जाणवू दिले, हे प्रश्न कायद्याच्या प्रश्नांइतकेच निकडीचे आहेत. आपल्यांतून वैद्य झालेल्या तरुणांनी हा चित्रपट जरूर पाहावा. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, तिची आठवण अखेरच्या प्रसंगात होते. राजवैद्याचे पद अखेर चालून येते आणि यासुमोतो ते नाकारतो. तो याच रुग्णालयात राहणार असतो. निइदे आनंदित होत नाही. पुढे पश्चात्ताप करशील, असे बजावून तो रागाने चालू लागतो, आणि यासुमोतो त्याच्या मागोमाग रुग्णालयाच्या दरवाजातून आत जातो.